इंजेक्शनची गाठ आणि आखडलेली मांडी

प्रश्न : मी ट्रान्स पुरुष आहे, वय 31, राहणार सातारा. सहा वर्षं दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचं 250 मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेतो. दवाखान्यातले कंपाउंडर काका नेहमी उजव्या मांडीतच देतात. आता तिथं सुपारीएवढी गाठ हाताला लागते. अजिंक्यतारा उतरताना मांडी ओढते आणि उकिडवं बसताना गुडघा पुरता मिटत नाही. मालिश केली तर गाठ विरघळेल का?

जोरकस मालिश करू नका. आधी गाठ कशी झाली ते पाहू. हे औषध एरंडेल तेलात असतं आणि ते पातळ राहावं म्हणून त्यात बेंझिल बेंझोएट घालतात. ते स्नायूला थोडं चुरचुरतंच. प्रत्येक इंजेक्शनने आत छोटी जखम होते, सूज येते आणि शरीर ते तेल हळूहळू शोषून घेतं. जागेला उसंत मिळाली तर जखम भरून येते. भरायच्या आतच पुढची सुई त्याच चार बोटांत टोचली, की स्नायूच्या तंतूंच्या जागी कोलॅजनचा व्रण धरतो. स्नायू ताणला जातो, व्रण ताणला जात नाही. गुडघा मिटायला मांडीचा पुढचा स्नायू लांबावा लागतो आणि गड उतरताना तो वजन पेलत लांबतो, म्हणून तुम्हाला त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो. 1970च्या दशकात जपानमध्ये मांडीत वारंवार इंजेक्शनं दिलेल्या असंख्य मुलांचे गुडघे असेच आखडले होते. तिथली औषधं वेगळी होती, पण बिघाड याच जातीचा.

घरी एक तपासणी करा. पालथं झोपा आणि एकेका पायाची टाच कुल्ल्याकडे न्या. दोन्ही बाजूंना टाच आणि कुल्ला यांत किती बोटं अंतर राहतं ते मोजा. टाच आणताना त्या बाजूचा कुल्ला वर उचलला जात असेल, तर स्नायू आखूड झालाय. गुडघा काटकोनाच्या पुढे जातच नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. असा व्रण कधीकधी शस्त्रक्रियेने सोडवावा लागतो. एवढा त्रास नसला तरी एकदा गाठेची सोनोग्राफी करून घ्या. आत तेलाची पिशवी आहे, व्रण आहे की कॅल्शियम साठलंय, हे बोटांनी चाचपून कळत नाही.

उजवी मांडी आता किमान तीन महिने मोकळी सोडा. ताजी, मऊ गाठ या काळात बसते. जुना कडक व्रण पुरता जात नाही, पण भोवतालचा स्नायू सैल होतो आणि बराचसा ताण त्यानेच उतरतो. अंघोळीनंतर अंग गरम असताना भिंतीला हात टेकून उभं राहा, घोटा मागून धरा, गुडघे जवळजवळ ठेवा आणि 30 सेकंद ताण द्या. असं तीनदा, सकाळ-संध्याकाळ. ताण जाणवावा, कळ येऊ नये. फिजिओथेरपिस्ट व्रणावर बोटांनी आडवं घर्षण देतात. ते त्यांच्याकडून शिकून मग घरी करा. तालमीतली रगडून केलेली मालिश इथे नको. आत रक्त साकळलेल्या मांडीला रगडलं तर त्या स्नायूत हाड तयार होऊ शकतं.

खरा उपाय जागा बदलण्यात आहे. तुमच्याकडे चार जागा आहेत: डावा खुबा, उजवा खुबा, डावी मांडी, उजवी मांडी. दर तीन आठवड्यांनी एक धरली तर त्याच जागी पुन्हा 12 आठवड्यांनी सुई येते. उजवी मांडी विश्रांतीला आहे तोवर उरलेल्या तिघींत फिरवा. जागेतही मागच्या टोचणीपासून दोन-तीन सेंटिमीटर सरका. तारीख आणि जागा वहीत लिहा, आणि ती वही कंपाउंडर काकांपुढे ठेवा. त्यांना राग येईल या संकोचाने गप्प राहू नका.

आमची पहिली पसंती खुब्याच्या बाजूला. तिथे मोठी नस किंवा रक्तवाहिनी नसते आणि चरबीचा थरही पातळ असतो. डाव्या खुब्यासाठी देणाऱ्याने उजवा तळहात मांडीच्या वरच्या हाडाच्या उंचवट्यावर ठेवावा, अंगठा जांघेकडे. तर्जनी पुढच्या टोकदार हाडावर टेकवावी आणि मधलं बोट कमरेच्या हाडाच्या कडेने मागे पसरावं. दोन बोटांच्या बेचक्यात सुई जाते. उजव्या खुब्यासाठी डावा हात. मांडीत द्यायचं तर वरून एका तळहाताची रुंदी आणि गुडघ्यापासून एका तळहाताची रुंदी सोडून मधल्या भागाची बाहेरची बाजू, पुढची नव्हे.

औषध थंड असेल तर अँपुल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, मुठीत चार-पाच मिनिटं धरा, तेल पातळ होतं. गुलाबी हबच्या (हब म्हणजे सुईचं प्लास्टिकचं बूड) 18 नंबरच्या सुईने ओढून घ्या आणि टोचायला नवी सुई लावा: काळ्या हबची 22 किंवा निळ्या हबची 23. काचेवर बोथट झालेलं टोक स्नायू फाडतं. खुब्याला दीड इंची सुई, सडपातळ माणसाच्या मांडीला एक इंची पुरते. स्पिरिट पुसून 30 सेकंद वाळू द्या, ओलं स्पिरिट आत गेलं की आग होते. कातडी दोन-तीन सेंटिमीटर बाजूला ओढून धरा, सुई काटकोनात घाला आणि एक मिलिलिटर किमान 20 सेकंदांत सोडा. दहा सेकंद थांबून सुई काढा, मग कातडी सोडा. वाट तिरकी होते आणि तेल चरबीत परत झिरपत नाही. कापूस दाबा, चोळू नका.

आणखी एक. व्रणातून औषध एकसारखं शोषलं जात नाही. डोस तोच असून थकवा किंवा चिडचिड वाढली असेल, तर पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी रक्तातली पातळी तपासा आणि मगच डोसबद्दल बोला. कातडीखाली, 25 नंबरच्या छोट्या सुईने दर आठवड्याला थोडं थोडं घेण्याचा पर्यायही डॉक्टरांना विचारा. अमेरिकेत एनान्थेटचं तसं तयार इंजेक्शन 2018मध्ये मंजूर झालं. डोस आणि पद्धत मात्र आपल्या मनाने बदलू नका.

प्रश्न : कराडहून लिहिते आहे. आयव्हीएफनंतर पाच आठवडे रोज प्रोजेस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन चालू आहे. दोन्ही कुल्ल्यांत गाठी झाल्यात, एसटीत बसवत नाही. सासूबाई हळदीचा लेप लावा म्हणतात. डावीकडची गाठ कालपासून गरम लागते आहे.

गरम लागणारी गाठ आजच दाखवा. लाली पसरणं, ठणका, ताप ही पूची लक्षणं आहेत. पू न होताही तेलाने सूज येते, पण तो निवाडा तपासूनच करायचा.

बाकीच्या गाठींचं कारण रोजचं टोचणं. कुल्ल्याचे मनात चार भाग करा आणि वरच्या बाहेरच्या भागातच घ्या. खालच्या आतल्या बाजूला सायटिक नस आहे. बाजू रोज बदला. सुई दीड इंची हवी, आखूड सुईने तेल चरबीत राहतं आणि तिथेच गोळा होतं. नंतर कोमट फडक्याने दहा मिनिटं शेक द्या, हलक्या हाताने पसरवा आणि थोडं चाला. गरम झालेल्या डाव्या बाजूला शेक आणि चोळणं दोन्ही नको. सांगलीच्या बाजारातली हळद कितीही चांगली असली, तरी टोचलेल्या ताज्या छिद्रावर लेप लावू नये.

इंजेक्शन मात्र स्वतःहून थांबवू नका. योनीमार्गे घ्यायच्या कॅप्सूल आणि जेल मिळतात, बदल डॉक्टरच करतील.

महिना-दोन महिन्यांनी न दुखणारी गाठ फुटून वाहू लागली, तर 'इथे इंजेक्शन घेतलं होतं' हे आवर्जून सांगा. नळाच्या पाण्यात राहणारे, क्षयाच्या जंतूंचे नातलग असलेले काही जंतू असे उशिरा उठतात आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. अशा वेळी पूचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, लागतं. म्हणून पाण्याचा ओला हात सुईला किंवा अँपुलच्या तोंडाला लागू देऊ नका.

प्रश्न : तासगावचा द्राक्ष बागायतदार आहे. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर दर 12 आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं 4 मिलिलिटरचं इंजेक्शन असतं. मागच्या वेळी टोचल्याबरोबर खोकल्याची उबळ आली.

तेलाचे सूक्ष्म थेंब रक्तातून फुप्फुसात गेले की अशी उबळ येते. बहुधा थोड्या वेळात थांबते, पण ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातलीच पाहिजे. हे इंजेक्शन कुल्ल्यातच खोलवर, किमान दोन मिनिटं लावून द्यायचं असतं. दंडात किंवा मांडीत नाही. नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा, लगेच मोटारसायकलला किक मारू नका. धाप, चक्कर किंवा छातीत दुखलं तर तिथल्या तिथे सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा.

प्रश्न : 'अंतरा' घेतल्यावर आशाताई म्हणाल्या, चोळू नका, शेकू नका. मैत्रिणीला मात्र शेकायला सांगितलं होतं. खरं काय? (विटा)

दोन्ही खरं. अंतरा हे तीन महिने हळूहळू मुरणारं गर्भनिरोधक औषध आहे. चोळल्याने, शेकल्याने ते लवकर शोषलं जातं आणि संरक्षण आधीच संपू शकतं. मैत्रिणीचं बहुधा रोजचं प्रोजेस्टेरॉन असावं, ते पसरावं म्हणून शेक देतात.

प्रश्न : मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हार्मोनच्या इंजेक्शनचा तिच्याशी काही संबंध? (सांगली)

आहे. सस्टॅनॉन 250 शेंगदाण्याच्या तेलात बनतं, काही प्रोजेस्टेरॉनही. खोक्यावर ते 'अराकिस ऑइल' या नावाने छापतात. केमिस्टकडून अँपुल घेण्याआधी तेवढं वाचा आणि ते तेल असेल तर डॉक्टरांना एरंडेलातलं औषध लिहून द्यायला सांगा.