सोन्याचा मुलामा दिलेला फोन किंवा घड्याळ घेण्यात पैसे वसूल होतात का?

माझ्या मते नाही होत. मी मोबाइल रिपेअरिंग करतो, असे फोन हातातून गेलेत म्हणून सांगतोय. एक आठवतो, दोनेक वर्षं वापरलेला, पाठ अजून झळझळीत होती पण कडेला जिथे बोटं टेकतात तिथला आणि चार्जिंगच्या भोकाभोवतीचा पिवळेपणा पार उडालेला, खालचं पांढरट निकेल दिसत होतं. मालकाला वाटलं डाग पडलाय, पुसून द्या म्हणाला, मला सांगताना वाईट वाटलं की दादा तिथलं सोनंच गेलंय.

आता हिशोब करून बघा. मुलामा एक मायक्रॉनचा धरला, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि फोनची पाठ आणि कडा मिळून साधारण 150 चौरस सेंटिमीटर, तर सगळं मिळून सोनं भरतं 0.3 ग्रॅमच्या आसपास! बाकी पैसे मजुरीचे, बॉक्सचे आणि नावाचे. त्यात शुद्ध सोनं मऊ, खिशातल्या किल्लीनेसुद्धा ओरखडा उठतो.

बरं मुलामा सोडा, अख्खं सोन्याचं घेतलं तरी आतलं मशीन म्हातारं व्हायचं थांबत नाही. अ‍ॅपलने 2015 मध्ये 18 कॅरेट सोन्याचं घड्याळ काढलं होतं, किंमत 10,000 डॉलरपासून पुढे, आणि आतली चिप मात्र 349 डॉलरवाल्या अ‍ॅल्युमिनियमच्या घड्याळातलीच. 2018 ला वॉचओएस 5, म्हणजे अ‍ॅपलच्या घड्याळांचं नवीन सॉफ्टवेअर आलं, ते या दोन्ही घड्याळांना मिळालं नाही.

सोन्याचा खरा उपयोग जिथे आहे तिथे ते आधीच असतं, सिमकार्डचे पॉइंट, रॅमच्या कडेच्या पट्ट्या वगैरे, कारण सोनं गंजत नाही त्यामुळे कॉन्टॅक्ट चांगला राहतो. एचडीएमआय केबलच्या पिनेला सोनं आहे म्हणून चित्र जास्त चांगलं दिसेल असं मात्र नाही, सिग्नल डिजिटल असतो, नीट पोचला की पोचला.

तरी तुम्हाला दिसायला आवडतोय आणि पैशाची ओढाताण नाहीये तर जरूर घ्या, हौसेला मी नाही म्हणणार नाही. फक्त दोन गोष्टी लेखी घ्या, मुलामा किती मायक्रॉनचा आहे आणि मूळ कंपनीची वॉरंटी चालू राहते का, कारण मुलामा द्यायला बऱ्याचदा फोन खोलतात. मायक्रॉनचा आकडा सांगायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याच्याकडून घेऊच नका.