ख्रिस्ती धर्मसेवेचा गाभा निःस्वार्थ सेवा आहे म्हणतात. ती खरंच निःस्वार्थ असते का?

तुम्ही लातूरहून लिहिलंय की मित्राबरोबर एका रविवारी चर्चला गेलात, गाणी ऐकली, प्रवचन ऐकलं, पण मित्र ज्या सेवेबद्दल बोलत होता ती काही तिथे दिसली नाही. त्या सेवेमागे धर्म वाढवायचा हेतू असतो का आणि ख्रिस्ती नसलेल्याला तिच्यात भाग घेता येतो का, हेही विचारलंय. मी जालन्याच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या समुदायात वाढलो, आजही तिथल्या कामात आहे, म्हणून जवळून पाहिलेलं सांगतो.

रविवारी तुम्ही पाहिलीत ती उपासना. आमच्या पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची सेवा बघायची असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी तहसीलला या. निराधार योजनेचे अर्ज, हयातीचा दाखला, आधारला जोडलेलं खातं, यासाठी म्हाताऱ्या बायांना जे हेलपाटे पडतात त्यात ते बरोबर असतात. गेल्या उन्हाळ्यात मीही सोबत होतो. एका मावशींचं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा लागायचा, कारण बोटांवरच्या रेषाच झिजून गेलेल्या. मागची रांग कुरकुरायला लागली. पाळकसाहेबांनी रुमाल ओला केला, त्यांचं एकेक बोट पुसलं आणि म्हणाले, ‘माय, दाबू नका, नुसतं टेकवा.’ अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेला हिरवा दिवा लागला. त्या मावशी आमच्या मंडळीतल्या नाहीत. हा माणूस पाळक आहे हेही त्यांना माहीत नाही, त्या त्यांना ‘फारमवाले साहेब’ म्हणतात. साहेबांनीही कधी सांगितलेलं नाही.

हे काम पाळकाच्या ‘खऱ्या’ कामातून उरलेल्या वेळात करायचं, असं आमच्यातलेही काही जण धरून चालतात. मला ते पटत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून बघा. ज्या रात्री त्याला धरून नेलं त्याच रात्री, आपल्याकडे किती थोडा वेळ उरलाय हे माहीत असताना, येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी घरातल्या अगदी खालच्या चाकराचं हे काम. शिष्य पेत्राला ते सहन होत नाही, तो आधी नकार देतो. आणि त्या खोलीत यहूदाही बसलेला असतो. तो घात करणार आहे हे येशूला ठाऊक असतं, तरी त्याला वगळलेलं नाही. नंतर येशू सांगतो की मी केलं तसंच तुम्ही एकमेकांना करा. धर्मसेवेचा पाया मी इथे धरतो. करणारा वरच्या जागेवरून खाली उतरला की नाही आणि समोरचा आपल्या उपयोगाचा नाही हे कळूनही त्याने केलं की नाही, या दोन गोष्टी मी बघतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हेतूचा. शंका रास्त आहे. दुष्काळात धान्याच्या आशेने लोक मिशनकडे आले आणि काही ठिकाणी धान्य देणाऱ्यांनी त्याचा फायदाही घेतला, हे झाकण्यात अर्थ नाही. पण आमच्याच परंपरेत याला उत्तरही आहे. लूकाच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला परत येतो तो एकच, आणि तोही परका, शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे गेले, असं येशू विचारतो जरूर, पण त्या नऊ जणांचा आजार परत आला असं तिथे लिहिलेलं नाही. बरं केलं ते केलं, त्याला अट नव्हती.

ही कसोटी लावून वागलेला एक माणूस आंध्रातल्या ओंगोलचा, अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लॉ. 1876 ते 1878च्या मोठ्या दुष्काळात त्याने बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाच्या खोदाईचा ठेका घेतला आणि भुकेल्या लोकांना मजुरी मिळवून दिली. लोक बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी मागत होते, पण दुष्काळाचं काम चालू असेपर्यंत त्याने तो देणंच थांबवलं. पोटासाठी कोणी धर्म बदलू नये, एवढंच कारण. कामं संपल्यावर 1878च्या जुलैमध्ये एका दिवसात 2,222 लोकांनी बाप्तिस्मा घेतला. इतिहासात तो आकडाच गाजला. मला मात्र त्याआधीचं थांबणं मोठं वाटतं.

आपल्या जवळचं उदाहरण जामखेडचं. जिल्हा अहिल्यानगरचा, म्हणजे आधीच्या नगरचा, पण बीडमधल्या आष्टी-पाटोद्याला अगदी लागून, तिथल्या माणसांना बीडपेक्षा जामखेड जवळ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. 1970 साली त्यांनी मुद्दाम हा कोरडा, गरीब तालुका निवडला. दवाखाना काढून बसले असते तरी लोकांनी दुवाच दिली असती. पण माणसं दवाखान्यात पोचायच्या आधीच आजारी पडतात, पोरं जुलाबाने गावातच दगावतात, हे त्यांनी ओळखलं. मग त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या, अनेक दलित होत्या. बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाब झाला की मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, हे सगळं त्या करू लागल्या. तिथे 1971 साली हजार जन्मांमागे 176 बालमृत्यू होते. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या खाली आला. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यात दिसलेली गोष्ट अशी. डॉक्टरने वेळ दिला, पगार सोडला, हे आपण निःस्वार्थ म्हणून पटकन ओळखतो. पण डॉक्टरला गावात मान असतो तो त्याला येतं आणि इतरांना येत नाही म्हणून. ते ज्ञानच या दोघांनी अंगठाबहाद्दर बाईच्या हाती दिलं आणि गावाला तिचं ऐकायला लावलं. 1972च्या दुष्काळात पाण्यासाठी बोअर घेताना त्यांनी भूगर्भतज्ज्ञाला दलित वस्तीतली जागा बघायला लावली. पाणी हवं तर गावाला तिथे यावं लागेल! अन्नाची पाकिटं वाटणाऱ्याला हे सुचत नाही. त्याला वाटून निघून जायचं असतं, गावाची मांडणी हलवायची नसते.

आमच्या जालन्यालाही या विचाराची जुनी मुळं आहेत. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले. 1860च्या दशकात ते निजामाच्या राज्यात जालन्याकडे आले आणि मुख्यतः मांग समाजातल्या लोकांबरोबर त्यांनी बेथेल गाव वसवलं. त्या काळी ब्राह्मण घरातल्या माणसाने आयुष्यभर कोणाच्या पंगतीला बसायचं ठरवलं, हे तुम्हीच बघा.

आणि हो, किराणा वाटताना घेणाऱ्याला पिशवीसकट कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, बॅनरवर मंडळीचं नाव मोठं, हे आमच्यातही चालतं. कोविडच्या काळात फार झालं. मला त्याची चीड येते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नको असं येशू स्पष्ट सांगतो. त्यावर पळवाट नाही. तुमच्या मित्राच्या चर्चमध्ये असं दिसलं तर त्याला सरळ विचारा, ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, ख्रिस्ती नसलेल्याला या कामात येता येतं का. येता येतं, नक्की येता येतं. तहसीलच्या कामात आमच्यासोबत एक निवृत्त तलाठी असतात, ते वारकरी आहेत. कोणती नोंद कुठल्या टेबलावर अडते हे त्यांच्याइतकं आमच्यात कोणालाच कळत नाही. तुम्ही लातूरला आहात, तर आधी मित्राच्या पाळकांना भेटा आणि गुरुवारी-शुक्रवारी ते कुठे असतात ते विचारा. उत्तर सरकारी दवाखाना किंवा तहसील असं आलं तर त्यांच्याबरोबर जा. ऑनलाइन फॉर्म भरता येत असतील तर फार उत्तम, त्या माणसांची सगळीकडे टंचाई आहे. मोबाइलची बॅटरी भरून न्या, सर्व्हर दुपारनंतर बंद पडतो, म्हणून साडेदहाला पोचा.