ओळखीचं पात्र असलं की व्हिडिओ गेम आहे त्यापेक्षा चांगला वाटतो का?

हो, वाटतो, पण सुरुवातीचा थोडा वेळच. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे, तिथे रोज दिसतं. छोटा भीमचं चित्र असलं की उडीचं बटण दाबल्यावर जरा उशिरा लागलं तरी पोरं "भीम हाय नं भाऊ" म्हणून चालवून घेतात. अनोळखी हिरोच्या गेममध्ये तेवढंच झालं की लगेच डिलीट. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने १९८७ मध्ये जपानात 'डोकी डोकी पॅनिक' काढला. पुढच्याच वर्षी त्यातली पात्रं काढून आपला गाजलेला हिरो मारिओ आणि मंडळी बसवली, थोडे फेरफार केले आणि अमेरिकेत तोच 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकला. (मुळातला खेळ चांगलाच होता, हे खरं.) मात्र नुसत्या चेहऱ्यावर सगळं निभत नाही. २००६ चा 'सॉनिक द हेजहॉग' सॉनिकसारखं गाजलेलं गेमपात्र असूनही बग (गेममधल्या चुका) आणि लांबलचक लोडिंगपायी समीक्षकांनी पार झोडपला. पैसे घालायचे असतील तर आधी कोणाच्या तरी फोनवर दोन-तीन लेव्हल खेळून बघा, आणि लक्ष पात्राकडे नाही, बटणांकडे ठेवा.