वाचकांचे प्रश्न: सहा जणांनी वायोमिंगला हरणाच्या शिकारीला जाताना

प्रश्न: आम्ही सहा मित्र मिनेसोटात राहतो. पुढच्या वर्षी वायोमिंगला प्रॉन्गहॉर्न (माळावरचं हरणासारखं जनावर) आणि म्यूल डिअर या हरणासाठी जायचा बेत आहे. चौघांकडे प्रॉन्गहॉर्नचे प्रत्येकी ३ पॉइंट (परवान्याच्या वाटपात अग्रक्रम देणारे गुण) आहेत, दोघांकडे एकही नाही. अर्ज एकत्र करावा का?

उत्तर: वायोमिंगच्या गेम अँड फिश विभागाकडे (राज्याचं वन्यजीव खातं) या दोन्ही जनावरांसाठी सहा जणांपर्यंत एकत्र अर्ज करता येतो. मात्र गटाच्या पॉइंटची सरासरी धरली जाते. तुमचे एकूण पॉइंट १२, माणसं सहा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २. ज्या क्षेत्राला ३ पॉइंट लागतात तिथे चौघांना एकेकट्याने परवाना मिळाला असता, तो गटामुळे हुकेल. बाहेरच्या राज्यांच्या कोट्यातले ७५ टक्के परवाने पॉइंटप्रमाणे जातात. उरलेल्या २५ टक्क्यांची सोडत पॉइंट न पाहता निघते, पण तिच्या भरवशावर सहा जणांच्या रजा मांडू नका.

आमच्या मते दोन अर्ज करा. चौघांचा एक, दोघांचा दुसरा, आणि दुसरा शेजारच्या सोप्या क्षेत्रासाठी. तळ एकच ठेवता येतो. पॉइंट खर्च होतात ते पहिल्या पसंतीचं क्षेत्र मिळालं तरच. दुसरी पसंती लागली तर ते शाबूत राहतात. मादी-पिलांचे स्वस्त परवाने पॉइंटला हातच लावत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेही मागावेत, म्हणजे नराचा परवाना हुकला तरी हात रिकामे राहत नाहीत.

सर्वात जास्त गट फसतात ते नकाशावर. प्रॉन्गहॉर्नची क्षेत्रं क्रमांकाने ओळखली जातात. बाहेरच्यांसाठी हरणाचा सर्वसाधारण परवाना अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाचा असतो. या दोन्हींच्या सीमा जुळत नाहीत, आणि हंगामाच्या तारखाही क्षेत्रागणिक बदलतात. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवा आणि दोन्ही हंगाम एकाच आठवड्यात उघडे असलेला पट्टा शोधा. तो सापडला नाही तर एकच जनावर निवडा. दिवसाचे तीन-चार तास गाडीत घालवून दोन्ही साधत नाही.

विभाग मागच्या सोडतीचे आकडे जाहीर करतो, ते जरूर पाहा, पण एकाच वर्षावर विसंबू नका. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात राज्याच्या पश्चिम भागात प्रॉन्गहॉर्न आणि म्यूल डिअर मोठ्या संख्येने मेले आणि त्यानंतर परवान्यांची संख्या कमी झाली. अर्जाची मुदत साधारण जूनच्या सुरुवातीला संपते, तेव्हा मे महिन्यातच कागद पूर्ण करा.

प्रश्न: गटातले दोघे एच-१बी व्हिसावर आहेत. त्यांना रायफल हाताळता येईल का? आणि प्रवासात बंदुका कशा न्यायच्या?

उत्तर: हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात हे फार चांगलं झालं. बिगर-स्थलांतरित व्हिसावर (एच-१बी त्यातलाच) आलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. मित्राची रायफल थोडा वेळ हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडू शकतं. या बंदीला जे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तेव्हा दोघांनी निशाणेबाजीच्या सरावालाही परवाना हातात आल्यावरच जावं आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून वकिलाचा एकदा सल्ला घेणं योग्य.

१ जानेवारी १९६६ नंतर किंवा त्याच दिवशी जन्मलेल्याला वायोमिंगमध्ये बंदुकीने शिकार करायला हंटर सेफ्टीचं (शिकारीतल्या सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या राज्याचंही चालतं.

गाडीने जाताना रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत आणि हात पोहोचणार नाही अशी ठेवा. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूप लागतंच, आणि ग्लव्ह बॉक्स त्यात धरला जात नाही. विमानाने जायचं तर कुलूपबंद टणक पेटी, काउंटरवर घोषणा, आणि सामान चेक-इनमध्येच. बहुतेक विमान कंपन्या काडतुसांना ५ किलोची मर्यादा घालतात.

प्रश्न: नकाशावर सरकारी आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. त्यात फिरायचं कसं?

उत्तर: रेल्वेमार्गालगत एकाआड एक चौरस मैल रेल्वे कंपनीला दिल्यामुळे ही रचना झाली. दोन सरकारी चौरस फक्त कोपऱ्याला टेकतात तिथे खासगी जमिनीवर पाय न ठेवता ओलांडण्याचा वाद वायोमिंगच्या एल्क माउंटनवरून गाजला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने (वायोमिंग ज्याच्या कक्षेत येतं ते संघीय न्यायालय) शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीनमालकाची याचिका ऐकायला नकार दिला. तरीही आम्ही नवख्यांना कोपरे टाळायलाच सांगू. जीपीएसची चूक काही मीटरची असते, आणि कोपऱ्याची खूण जागेवर सापडली नाही तर नेमकं कुठून ओलांडलं हे सांगता येत नाही. विभागाच्या वॉक-इन क्षेत्रांपासून सुरुवात करा. तिथे खासगी जमिनीवर पायी शिकारीची मुभा आधीच घेतलेली असते. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण माळावर नेटवर्क मिळत नाही. संघीय वाइल्डरनेस क्षेत्रात (कायद्याने राखलेल्या रानात) बाहेरच्या शिकाऱ्याला गाइडशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही, हे म्यूल डिअरसाठी डोंगरात शिरण्यापूर्वी पाहा.

तिथल्या कच्च्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी बेंटोनाइटची (पाण्याने फुगणारी चिकण) माती आहे. सरी आली की ती चाकांना थरावर थर चिकटते आणि फोर-व्हील गाडीही आडवी सरकते. अशा वेळी तळावर थांबा, वाळू द्या. दर गाडीमागे दोन स्टेपनी, फावडं आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप हवाच.

प्रश्न: सप्टेंबरअखेरच्या उन्हात सहा जनावरांचं मांस घरापर्यंत नीट कसं न्यायचं?

उत्तर: सहा जणांनी पहिल्याच सकाळी गोळ्या झाडल्या तर दुपारी सहा जनावरं उन्हात पडलेली असतात आणि सुऱ्या चालवणारे हात थकलेले असतात. दिवसाला दोन किंवा तीन, हा नियम निघण्यापूर्वीच ठरवा.

जनावर पडलं की आधी परवान्याचं कुपन वेगळं करून तारीख आणि सही करा, मगच सुरी काढा. दुसऱ्याच्या परवान्यावर गोळी झाडणं बेकायदा आहे, गटात असलात तरी. प्रॉन्गहॉर्नचे केस पोकळ असतात आणि हात लागताच झडतात. म्हणून कातडं आतून बाहेर कापा, केसांवरून पातं ओढू नका, आणि केसांना लागलेला हात मांसाला लावू नका. एका कुशीवरचं कातडं सोलून पुढचा पाय, मागची मांडी आणि पाठीची पट्टी काढा. मग जनावर उलटून दुसरी बाजू घ्या. मागच्या मांडीत हाडालगत उष्णता सर्वात जास्त वेळ टिकते आणि आंबणं तिथूनच सुरू होतं. दिवस तापलेला असेल तर मांडीचं हाड जागेवरच मोकळं करा. नर की मादी हे ओळखण्याचा पुरावा कुठल्या तुकड्यासोबत ठेवायचा, ते नियमपुस्तकात पाहून घ्या.

एका प्रॉन्गहॉर्नपासून हाडं काढून साधारण १५ ते १८ किलो मांस मिळतं. सहांचं मांस आणि ६०-७० किलो बर्फ मावायला ११५ लिटरचे दोन कूलर पुरतात. हाडांसकट पाय न्यायचे तर चार धरा. चार लिटरच्या पाण्याच्या कॅनमध्ये घरीच बर्फ जमवून नेलात तर वितळल्यावर मांस भिजत नाही. सुटा बर्फ वापरलात तर कूलरची तोटी उघडी ठेवा, कारण पाण्यात बुडालेलं मांस पांढरं पडतं आणि लवकर बिघडतं.

म्यूल डिअरच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूवर परिणाम करणारा जीवघेणा रोग हरीणकुळातला आहे. प्रॉन्गहॉर्न त्या कुळात येत नाही. मिनेसोटात बाहेरून आणलेल्या हरणाचं अखंड धूड आणता येत नाही. हाडं काढलेलं मांस, कणा आणि डोकं न जोडलेले पाय, स्वच्छ केलेली कवटी आणि शिंगं चालतात. घशामागच्या लसिका ग्रंथींचा नमुना विभागाच्या तपासणी नाक्यावर द्या. अहवाल यायला वेळ लागतो, तोवर प्रत्येक हरणाचं मांस नाव घालून वेगळं ठेवा. एकत्र खिमा करून टाकलात आणि एकाचा अहवाल वाईट आला तर सगळंच टाकावं लागतं. रोग आढळलेल्या जनावराचं मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

प्रश्न: .२४३ (इंचात गोळीचा व्यास) रायफल पुरेल का?

उत्तर: दोन्हींसाठी पुरते, गोळी चांगली निवडा. २०० यार्डांवर नेम बसवा आणि तिथे पोहोचल्यावर पुन्हा तपासा, प्रवासात दुर्बीण हलते. खरी अडचण वाऱ्याची. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर गोळी सहा-सात इंच ढकलतो, आणि प्रॉन्गहॉर्नचं मर्मस्थान जेमतेम आठ-नऊ इंचांचं. वारा दुप्पट असेल तर जवळ सरका. कळपात असलेल्या नरामागे दुसरं जनावर उभं नाही याची खात्री झाल्याशिवाय घोडा ओढू नका. गोळी आरपार जाते. रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडणं बेकायदा आहे, आणि अंगावर झळझळीत केशरी किंवा गुलाबी रंगाचं निदान एक वस्त्र किंवा टोपी सक्तीची आहे.