मोठ्या शहरांतले टांगे कायद्यानं बंद झाले की आपोआप?

मुंबईसारख्या शहरांतून टांगे कायद्यानं घालवले की ते आपसूक गेले, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरचा. आमच्या गल्लीत टांगेवाले राहायचे, म्हणून जवळून पाहिलेलं सांगतो: टांगा आधी पोटानं मेला, कायदा मागाहून आला.

रिक्षा उभी राहिली की खर्च थांबतो. घोडा उभा राहिला तरी खातोच. भाडं मिळो न मिळो, चंदीला हरभरा हवा, गवत हवं, महिना-दीड महिन्यानं नाल बदलायला हवी. शेजारचे काका रात्री कितीही उशिरा आले तरी आधी घोड्याला खरारा करायचे, खूर उचलून खडा अडकलाय का बघायचे, चंदीची पिशवी म्हणजे तोबरा तोंडाला बांधायचे आणि मगच जेवायला बसायचे. मागं दोन वजनदार माणसं बसली की टांगा उलाळ व्हायचा. दांड्या वर उचलल्या जाऊन पोटाखालचा पट्टा घोड्याला काचायचा. मग काका एकाला उठवून पुढं आपल्याजवळ बसवायचे, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी. इतक्या मायेचा धंदा निम्म्या वेळात पोचवणाऱ्या रिक्षापुढं टिकणार कसा?

त्यात डांबरी रस्ते गुळगुळीत झाले. पावसात लोखंडी नाल त्यावर घसरते, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेलच. टांगे कमी झाले तसे नाल ठोकणारे नालबंद गेले, पाण्याचे हौद गेले. मग उरलेल्यांनाही टांगा ठेवणं जड झालं. राजर्षी शाहू महाराज जिथं खडखडा नावाच्या घोडागाडीतून फिरायचे, त्या गावाची ही गत.

आता कायद्याचं. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा 1960 चा. त्याखालचे 1965 चे नियम सांगतात की घोड्याला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 अजिबात नाही. नियम रास्तच आहेत. पण ते पाळून शहरात रोजचं पोट भरणं अवघड. मुंबईत उच्च न्यायालयानं 2015 मध्ये हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला वर्षभराची मुदत दिली. तोवर रोजच्या प्रवासातून घोडागाडी कधीच गेली होती. उरली होती ती पर्यटकांपुरती.

तो निकाल मला पटतो. तापलेल्या रस्त्यावर, गाड्यांच्या धुरात घोडा उभा करणं बरं नव्हे. पण घोड्याची जेवढी काळजी वाहिली, तेवढीच हातात लगाम धरून आयुष्य काढलेल्या माणसाचीही वाहायला हवी. त्याला दुसरं काही येत नसतं.

आणि आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर हौसेचे टांगे परत आणा असं कुणी म्हणत असेल, तर आधी तिथं सावली, पाण्याचा हौद, नालबंद आणि जनावरांचा डॉक्टर यांची सोय करा. घोडा त्यानंतर आणा.