कॅम बदलला, पण स्प्रिंगांचे काय?

प्रश्न : मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो. माझ्या 1999 सालच्या शेवरोले कमॅरोमध्ये 5.7 लिटरचे एलएस1 इंजिन आहे. ड्रॅग शर्यतींसाठी मी त्यात 15.2 मिमी लिफ्टचा (म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उघडणारा) कॅमशाफ्ट बसवला आणि तेवढ्या लिफ्टला चालणाऱ्या, व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या दुहेरी (एकीत एक) स्प्रिंगाही घातल्या. तरीही एकाच हंगामात स्प्रिंगांचा दाब घटला आणि एक तर तुटलीच. गॅरेजमध्ये आणखी कडक स्प्रिंगा घालण्याचा सल्ला मिळाला. दोष कॅमचा असू शकतो का?

उत्तर : असू शकतो, किंबहुना आपण लिहिलेल्या हकिकतीवरून माझा पहिला संशय कॅमवरच जातो. स्प्रिंग किती लिफ्टपर्यंत चालेल हे कॅटलॉगमध्ये दिलेले असते आणि बहुतेक जण तेवढेच पाहून खरेदी करतात. परंतु लिफ्टवरून स्प्रिंग किती दबणार एवढेच कळते. ती किती टिकेल, हे व्हॉल्व्ह उघडून पुन्हा सीटवर (मिटल्यावर तो टेकतो त्या कडेवर) बसेपर्यंत लोब, म्हणजे कॅमचा उंचवटा, त्याला किती झटक्याने हलवतो यावर बरेचसे ठरते.

आपल्या इंजिनाची मूळ लिफ्ट सुमारे 12.7 मिमी, म्हणजे आता प्रत्येक स्प्रिंग दर वेळी अडीच मिमी अधिक दबते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे 6,500 आरपीएमला ही क्रिया सेकंदाला सुमारे 54 वेळा घडते. ताणाची ही वाढलेली चढउतार तारेतला धातू थकवते, आणि तापलेल्या तेलाच्या सान्निध्यात स्प्रिंग हळूहळू बसूही लागते, म्हणजे तिचा दाब कमी होतो.

लोबचा आकार याहून महत्त्वाचा आहे. समान लिफ्टचे दोन कॅम घेतले आणि त्यांपैकी एकाचे ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा अवधी, फिरण्याच्या अंशांत) कमी असले, तर त्याला तेवढेच अंतर थोड्या अंशांत कापावे लागते. व्हॉल्व्ह उघडू लागतो तेव्हा त्याला कॅम ढकलतो; पण पुढे त्याचा वेग कमी करून, लोबच्या टोकावर त्याला परत फिरवण्याचे काम सर्वस्वी स्प्रिंगचे असते. त्यासाठी लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 6,000 वरून 6,600 आरपीएमवर गेल्यास ते 21 टक्क्यांनी वाढते. स्प्रिंग कमी पडली की लिफ्टर (लोबवर टेकून चालणारा भाग) लोबपासून सुटतो, व्हॉल्व्ह सीटवर आपटून उसळतो आणि ते धक्के स्प्रिंगलाच सोसावे लागतात.

याशिवाय आणखी एक गोष्ट घडते आणि, माझ्या मते, स्प्रिंगा तुटण्यामागे पुष्कळदा तीच असते. प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. समजा ती 540 हर्ट्‌झ आहे. तर सेकंदाला 54 फेऱ्या होत असताना कॅमच्या हालचालीतला दहापट वारंवारतेचा घटक तिच्याशी नेमका जुळतो आणि कॉइलमधून पुढेमागे लाटा धावू लागतात. त्या वेळी काही वेढ्यांवरचा ताण हिशेबाने काढलेल्या ताणापेक्षा बराच जास्त असतो. लोबचा चढ-उतार जितका तीव्र, तितके असे वरचे घटक प्रबळ होतात. निमुळती बीहाइव्ह स्प्रिंग किंवा एकमेकींना घासणाऱ्या दुहेरी स्प्रिंगा या लाटा शमवतात, मात्र घर्षणाची उष्णता दुहेरी स्प्रिंगांनाच सोसावी लागते.

म्हणून नुसती कडक स्प्रिंग घालणे मला पटत नाही. एलएस1 मध्ये रॉकरचे (लिफ्टरची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेचे) गुणोत्तर 1.7 आहे, म्हणून व्हॉल्व्हपाशी 180 किलोचा भार असेल, तर लिफ्टरवर तो 306 किलो होतो. लिफ्टर आणि रॉकर यांमधला पुशरॉड अधिक वाकतो आणि लोब व लिफ्टरचा रोलर झिजतात. जनरल मोटर्सने 2002 च्या कॉर्व्हेट झी06 मधल्या एलएस6 इंजिनाची लिफ्ट 14 मिमीपर्यंत नेली, तेव्हा इनटेक व्हॉल्व्हचे दांडे पोकळ केले आणि एक्झॉस्टच्या पोकळ दांड्यांत सोडियम भरले. हलवायचे वजनच कमी केले की स्प्रिंगचे काम हलके होते. मार्ग हाच योग्य.

आपण कॅम बनवणाऱ्यांना लोबचा क्रमांक कळवून त्याच लोबसाठी कोणती स्प्रिंग सुचवतात ते विचारावे, आणि शक्य असल्यास तेवढ्याच लिफ्टचा, पण सौम्य लोब घ्यावा. बसवताना प्रत्येक स्प्रिंगची उंची मोजून गरजेप्रमाणे शिम (पातळ चकती) घालावी. पूर्ण लिफ्टला वेढे एकमेकांना टेकण्याआधी साधारण दीड मिमी अंतर उरावे. ते फार जास्त ठेवणेही बरे नव्हे, कारण जवळ आलेले वेढे लाटांना आळा घालतात. तारेवर पक्कडीचा ओरखडा पडू देऊ नये, भेग तिथूनच सुरू होते. नव्या स्प्रिंगांचा सीटवरचा दाब लिहून ठेवावा आणि तो दहा टक्के घटला की पूर्ण संच बदलावा.

प्रश्न : डुकाटी मोटरसायकलींच्या डेस्मो पद्धतीत व्हॉल्व्हला स्प्रिंगच लागत नाही. मग सगळे तीच का वापरत नाहीत? (पुणे)

उत्तर : डेस्मोमध्ये व्हॉल्व्ह बंद करण्यासाठीही वेगळा लोब आणि रॉकर असतो, त्यामुळे तीव्र लोब वापरता येतात. डुकाटीचे अभियंते फाबिओ तालिओनी यांनी 1956 मध्ये ही रचना डुकाटीच्या 125 सीसी शर्यतीच्या गाडीत आणली. परंतु उघडण्याची आणि मिटण्याची, अशा दोन्ही बाजूंच्या फटी जुळवाव्या लागतात. रेनोने 1986 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू वापरला. रस्त्यावरच्या वापरासाठी मात्र डुकाटीनेच 2021 च्या मल्टिस्ट्राडा व्ही4 मध्ये पुन्हा साध्या स्प्रिंगा घेतल्या आणि व्हॉल्व्ह-तपासणीचे अंतर 60,000 किमीपर्यंत वाढवले.