शिलाई मशीन आणि सातबारा

औसा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

बीडच्या संस्थेत रुजू झालीस, वाचून फार बरं वाटलं. ‘माझ्या हातून लोकांचं भलं व्हावं’ असं तू लिहिलंस. त्यातल्या ‘माझ्या हातून’बद्दलच हे पत्र आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी एका संस्थेसोबत मी शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायांना शिलाई मशीन वाटत होतो. एका घरी फोटोत देणगीदाराचा फलक नीट आला नाही. घरात ठेवलेलं मशीन पुन्हा अंगणात आणलं, बाईंना पुन्हा उभं केलं. ‘पदर घ्या डोक्यावर’ हेही मीच म्हणालो. त्यांनी घेतला. फोटो झाल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा काढला. ‘भाऊ, ह्याच्यावर माजं नाव कवा लागंल?’ मालक जाऊन दोन वर्षं झालेली, वारस नोंद दिरानं अडवून धरलेली. आमच्या प्रपोजलमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. पोच म्हणून सही घेतली आणि निघालो. ते अजून सलतं.

त्या दिवशी काय चुकलं, हे मला बऱ्याच उशिरा गेओर्ग झिमेल वाचताना उमगलं. 1908 साली या जर्मन समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गरिबाला मदत करणं हे समाज आपलं कर्तव्य मानतो, पण ते कर्तव्य गरिबाप्रती नसतं. समाजाची घडी विस्कटू नये म्हणून ती मदत असते. त्यामुळे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, त्यालाच ती हक्कानं मागता येत नाही. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस 1925 मध्ये म्हणाला की परत न करता येणारी भेट घेणाऱ्याला खाली ढकलते. आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे: मिंधा. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सरकारी मदतही याला अपवाद नाही. आत्महत्येनंतरच्या एक लाखासाठी समिती बसते आणि मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. जमीन त्याच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. ज्या घराच्या नावावर गुंठाही नाही, त्याचं दुःख कागदावर येतच नाही.

किल्लारीचंच बघ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात गावंच्या गावं मातीत गेली. मदतीचा पूर आला, तो खरा होता, माणसं मनापासून धावून आली. ते मी विसरणार नाही. पण पुनर्वसनात घरं जमिनीच्या मापानं मिळाली: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढे 750. भूकंपानं वाडा आणि झोपडी एका रात्रीत सारखी केली होती. मदतीनं जुनी उतरंड सिमेंटमध्ये पक्की केली. त्याच काळात घरदुरुस्तीच्या कामात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावी बायांना संवाद सहायक, म्हणजे गाव आणि सरकार यांतला दुवा, केलं. अनुदान किती, लोखंड किती लागतं, ही माहिती बायांच्याच हाती आली आणि त्या गवंड्याला, इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. म्हणजे संस्थेला हे जमतं, बाळ.

आणि 1972 चा दुष्काळ. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांनी मोर्चे काढले, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना लावून धरली, 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता. पैसा शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातूनही येत होता, पण त्यांचे आभार मानायला कुणाला स्टेजवर चढवलं नाही. अंमलबजावणीत खोट भरपूर होती. तरी मजुराला ‘काम द्या’ म्हणून भांडता येत होतं. शिलाई मशीनसाठी कुणाशी भांडणार?

तुझ्या संस्थेचा पैसा बहुधा मोठ्या कंपन्यांना कायद्यानं समाजकामावर खर्चावे लागणाऱ्या नफ्याच्या दोन टक्क्यांतला असेल. मार्चएंडला खर्च दाखवायची घाई होईल, ‘लाभार्थी’ किती ते विचारतील. आकडे दे, नोकरी आहे. पण फंडरला जो हिशोब पाठवशील तोच गावात, चावडीवर किंवा पारावर, मोठ्यानं वाचून दाखव. साहेब नाराज होतील, एखादा सरपंचही होईल. एवढा त्रास सोसायची तयारी ठेव.

पहिल्या महिन्यात कुठलीही वस्तू वाटायला जाऊ नकोस. तलाठ्याकडे जा, गाव नमुना 6-क, म्हणजे वारसांची नोंदवही, बघायला माग. तुझ्या गावांत किती बायांची नोंद पडून आहे ते मला कळव. अर्ज कसे लिहायचे, मंडळ अधिकाऱ्यापर्यंत कसे न्यायचे, ते मी शिकवतो. रविवारी फोन कर.

तुझा,
काका